आठवड्याला तीनच दिवस काम, मग रजा किती? ब्रिटनमधल्या पगारी सुट्टीचा हिशेब

माझी भाची लेस्टरला शिकते आणि एका गोदामात शिफ्ट करते. एप्रिलमध्ये भावाच्या लग्नाला ती चार आठवडे पुण्याला जाऊन आली, तेही बिनपगारी. जुलैत नोकरी सोडताना तिनं सहज फोन केला, तेव्हा मी रजेचं विचारलं.

"मला कुठली रजा मावशी? मी झीरो-अवर. तास ठरलेलेच नाहीत."

"पेस्लिप पाठव सगळ्या," म्हटलं.

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये पगारपत्रकांचंच काम करते, त्यामुळे हे वाक्य मला नवं नाही. पहिल्या नोकरीत मीसुद्धा हेच समजून बसले होते. तेव्हा मी एका बेकरीत आठवड्याला तीन सकाळी उभी राहायचे, आणि सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे कापले जायचे. ते कधी मागितले नाहीत, कारण मागायचे असतात हेच ठाऊक नव्हतं. आपल्याकडचे लोक इथे येताना डोक्यात ते २४० दिवस घेऊन येतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते. ब्रिटनमध्ये असा उंबरठा नाही. कामाच्या पहिल्या दिवसापासून रजा साठू लागते, मग तुम्ही आठवड्याला चाळीस तास करा नाहीतर चार. ती नोकरी एजन्सीमार्फत असली किंवा कॉन्ट्रॅक्टवर 'झीरो अवर्स' लिहिलेलं असलं, तरी हक्क तोच. रजा नाही ती फक्त खऱ्याखुऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला. 'सेल्फ-एम्प्लॉइड' असा नुसता शिक्का मारून भागत नाही, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उबरच्या ड्रायव्हरांच्या बाबतीत स्पष्ट केलं.

आधी आठवड्यात मोजा

कायदा आहे १९९८ चा, वर्किंग टाइम रेग्युलेशन्स. २००९ पासून त्यातला आकडा आहे वर्षाला ५.६ आठवडे. तो दिवसांत दिलेला नाही, आठवड्यांत दिलेला आहे, आणि घोळ नेमका इथेच होतो. पाच दिवस काम करणाऱ्याचे ५.६ आठवडे म्हणजे २८ दिवस, म्हणून सगळीकडे '२८ दिवस' कानावर पडतं. मग तीन दिवस काम करणारी बाई एकतर २८ मागते आणि हसं करून घेते, नाहीतर काहीच मागत नाही. तिचा आठवडा तीन दिवसांचा, म्हणून तिची रजा ३ गुणिले ५.६ म्हणजे १६.८ दिवस. दोन दिवसवाल्याची ११.२, चार दिवसवाल्याची २२.४. सहा दिवस करणाऱ्याला मात्र ३३.६ मिळत नाहीत, २८ ही कमाल मर्यादा आहे.

पाच दिवसवाली असो की तीन दिवसवाली, दोघींनाही वर्षातले साडेपाच आठवडे आणि वर थोडं इतकीच मोकळीक मिळते. पार्ट-टाइमवालीच्या आठवड्यात मुळात दिवस कमी, एवढाच फरक. कॉन्ट्रॅक्टमध्ये पूर्णवेळवाल्यांना याहून जास्त रजा असेल, तर तीही त्याच प्रमाणात तुम्हाला मिळायला हवी. पार्ट-टाइम लोकांना कमी लेखू नये यासाठी २००० साली स्वतंत्र नियमच झाले आहेत.

१६.८ मधल्या त्या ०.८ चं काय करायचं? मालक तो वर ओढून १७ करू शकतो, खाली आणून १६ करू शकत नाही. समजूतदार कंपन्या ०.८ दिवसाचे तास काढतात आणि एखाद्या शुक्रवारी लवकर सोडतात. वर्षाच्या मध्ये रुजू झालात, तर पहिल्या वर्षी दर महिन्याला बाराव्या हिश्शानं रजा साठते, म्हणजे आपल्या तीन दिवसवालीला महिन्याला १.४ दिवस.

आता 'वर्ष' कुठून कुठवर? कॉन्ट्रॅक्टमध्ये 'हॉलिडे इयर' किंवा 'लीव्ह इयर' शोधा. बऱ्याच ठिकाणी जानेवारी ते डिसेंबर असतं, काही ठिकाणी एप्रिल ते मार्च. काहीच लिहिलेलं नसेल, तर तुम्ही रुजू झालात त्या तारखेपासून वर्ष सुरू होतं.

दिवस लहान-मोठे असतील तर तास धरा

समजा सोमवारी चार तास, बुधवारी आठ, शनिवारी सहा. आठवड्याचे झाले १८ तास. १८ गुणिले ५.६ म्हणजे वर्षाला १००.८ तास. बुधवारी सुट्टी घेतलीत की खात्यातून आठ तास वजा, सोमवारी घेतलीत की चार. अशा रोट्यावर, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकावर, दिवस मोजले, तर बुधवार घेणारा फायद्यात आणि सोमवार घेणारा तोट्यात जातो. मॅनेजरला हे समजावताना आवाज चढवायची गरज नाही, आठवड्याचा रोटा टेबलावर ठेवायचा आणि बोट दाखवायचं.

आठवड्याआड बदलणारा पण ठरलेला रोटा, म्हणजे एका आठवड्यात दोन दिवस आणि दुसऱ्यात चार, हा अनियमित धरत नाहीत. दोन आठवड्यांची सरासरी काढायची, तीन दिवस, आणि वरचंच गणित लावायचं.

मध्येच तास बदलले, तीनाचे पाच दिवस झाले, तर आधी साठलेली रजा जुन्या हिशेबानं राहते आणि पुढची नव्या हिशेबानं साठते. बदलाच्या तारखेला शिल्लक किती, हे त्याच दिवशी ईमेलवर लिहून घ्या. सहा महिन्यांनी ते कुणाच्याही लक्षात नसतं.

बँक हॉलिडेचं दुखणं

इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला आठ बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, असतात. कायद्यानं त्या दिवशी पगारी सुट्टी द्यायलाच हवी असं नाही. मालक ते आठ दिवस तुमच्या ५.६ आठवड्यांतच मोजू शकतो, आणि बरेच जण तसंच करतात.

पार्ट-टाइमवाल्याचं नशीब इथे वारावर ठरतं. २०२६ चं कॅलेंडर घ्या. आठातले पाच सोमवारी आहेत: ईस्टर मंडे, मे महिन्यातले दोन, ऑगस्टअखेरचा, आणि बॉक्सिंग डे (२६ डिसेंबर) शनिवारी आल्यामुळे २८ डिसेंबरला सरकलेला. गुड फ्रायडे आणि नाताळ शुक्रवारी. १ जानेवारी गुरुवारी. आता एक कंपनी म्हणते, 'आमच्याकडे २५ दिवस रजा, शिवाय बँक हॉलिडे.' मंगळवार ते गुरुवार काम करणाऱ्या बाईला तिनं २५ चे तीन-पंचमांश म्हणून १५ दिवस दिले, आणि बँक हॉलिडेपैकी तिच्या वाराला आला तो एकच दिला. झाले १६. कायद्याचा किमान आकडा १६.८. म्हणजे उदार म्हणवणारी कंपनी नकळत कायदा मोडून बसली.

सरळ मार्ग असा की २५ आणि ८ मिळून ३३ करायचे आणि त्याचे तीन-पंचमांश, १९.८ दिवस, एका खात्यात टाकायचे. ज्यांचा कामाचा वार सोमवार आहे ते सोमवारची बंद सुट्टी त्याच खात्यातून वजा करतील, मंगळवारवाल्यांना ते दिवस मनासारखे घेता येतील. ही पद्धत कायद्यानं बंधनकारक मात्र नाही. सोमवारी काम नसलेल्या एका पार्ट-टाइम कर्मचाऱ्याचा दावा २००७ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयानं फेटाळला होता, कारण त्याला कमी सुट्ट्या मिळत होत्या त्या वारामुळे, पार्ट-टाइम असल्यामुळे नव्हे. तेव्हा 'कायदा आहे' असं ठणकावून सांगू नका. ५.६ आठवड्यांच्या खाली गेलं आहे का ते आधी बघा. गेलं असेल तर मात्र ठणकावा.

तास ठरलेलेच नाहीत? मग १२.०७

झीरो-अवर, हवं तेव्हा बोलावणारं केअर होम, लग्नसराईत कामाला घेणारा केटरर अशा ठिकाणी आठवडाच ठरलेला नसतो. त्यांच्यासाठी १ एप्रिल २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजा-वर्षांपासून वेगळी पद्धत आहे: त्या पगाराच्या काळात जितके तास काम केलं, त्याच्या १२.०७ टक्के तास रजा. हा विचित्र आकडा आकाशातून पडलेला नाही. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून रजेचे ५.६ वजा केले की कामाचे ४६.४ उरतात, आणि ५.६ भागिले ४६.४ म्हणजे १२.०७ टक्के.

अर्ध्या तासाच्या आतला अपूर्णांक सोडून द्यायचा, अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण तास धरायचा. भाचीच्या पेस्लिप मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीनं मांडल्या. ऑक्टोबर, ६४ तास: ७.७२, म्हणजे ८ तास रजा. डिसेंबरात कॉलेज बंद, १०१ तास: १२.१९, म्हणजे १२. जानेवारी, ५२ तास: ६.२८, म्हणजे ६. असं करत जुलैपर्यंत एकूण ६८० तास काम आणि ८२ तास रजा. एकही घेतलेला नाही. लग्नाचे चार आठवडे बिनपगारी काढले, तेव्हा यातला बराचसा भाग खात्यात पडून होता.

वर्षातले काही आठवडेच काम असणारेही याच पद्धतीत येतात, मुख्यतः शाळेतले: जेवणाच्या सुट्टीत देखरेख करणारे, तासावर शिकवणारे संगीतशिक्षक, सुट्टीत पगार नसलेले वर्गसहायक. यामागे एक खटला आहे. वर्षातले ३२ ते ३५ आठवडे शिकवणाऱ्या एका संगीतशिक्षिकेच्या बाबतीत, हार्पर ट्रस्ट या शाळा चालवणाऱ्या संस्थेविरुद्ध, सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये निकाल दिला की तिला पूर्ण ५.६ आठवड्यांचा पगार द्या, टक्केवारी लावू नका. त्यामुळे कमी आठवडे काम करणाऱ्याला प्रमाणाबाहेर रजा मिळू लागली, आणि सरकारनं नियमच बदलून १२.०७ आणले. इंटरनेटवर २०२३ सालचे लेख अजून सापडतात, त्यात जुनंच लिहिलेलं असतं. वाचताना तारीख बघा. उत्तर आयर्लंडलाही हा बदल लागू नाही, तिथला कायदा वेगळा.

एक सावधगिरी. कॉन्ट्रॅक्टमध्ये '१६ तास' लिहिलेले आहेत आणि अधूनमधून ओव्हरटाइम होतो, एवढ्यानं तुम्ही अनियमित ठरत नाही. तास मुळात बदलते असावे लागतात, आणि तसं करारातच असावं लागतं. सोयीचं म्हणून सगळ्यांनाच १२.०७ लावणारे मॅनेजर मी पाहिले आहेत.

पैसे किती?

ठरलेले तास आणि ठरलेला पगार असेल तर प्रश्नच नाही, रजेच्या आठवड्यात नेहमीच्या आठवड्याइतकाच पगार. नेहमी ओव्हरटाइम किंवा कमिशन मिळत असेल, तर ५.६ पैकी निदान चार आठवड्यांच्या रजेत तेही धरायला हवं. उरलेल्या १.६ आठवड्यांसाठी मूळ पगार देऊन मालक मोकळा होऊ शकतो.

पगार खाली-वर होत असेल, तर मागच्या ५२ पगारी आठवड्यांची सरासरी. शब्द आहे 'पगारी'. ज्या आठवड्यात काहीच कमाई नाही तो सोडून द्यायचा आणि आणखी मागे जायचं, पण १०४ आठवड्यांपलीकडे नाही. नोकरीच तेवढी जुनी नसेल, तर जितके पूर्ण आठवडे झाले तितकेच.

भाचीचे ४० आठवडे झाले होते. त्यातले चार लग्नाचे आणि दोन परीक्षेचे, म्हणजे सहा कोरे. उरले ३४. त्यांची एकूण कमाई ९,१८० पौंड. भागाकार केला तर आठवड्याला २७० पौंड. तास ६८०, म्हणजे आठवड्याला २०. तासाला पडले १३.५० पौंड. तिचा कॉन्ट्रॅक्टवरचा दर मात्र १३. वरचे पन्नास पेन्स आले रविवारच्या आणि रात्रीच्या शिफ्टच्या जादा दरातून. ते सरासरीत धरायचे असतात, आणि सर्वांत आधी तेच विसरले जातात. हे कोरे आठवडे भागाकारात धरले असते, तर आठवड्याचा आकडा २२९.५० वर आला असता. म्हणून कुणी तुमची सरासरी सांगितली, की कितीनं भागलं हा पहिला प्रश्न विचारा.

विद्यार्थ्यांसाठी एक मुद्दाम सांगते. पदवी किंवा पदव्युत्तर शिकणाऱ्याला सत्राच्या काळात आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. उन्हाळ्यात केलेलं भरपूर काम सरासरीत वर्षभर राहतं. म्हणून सत्रात आठवड्याला मोजकेच तास मिळत असताना रजा घेतली, तरी दर त्या सरासरीचाच. हक्काची रजा मागितली म्हणून व्हिसावर काही येत नाही. ही भीती मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की वेगळी ओळ खर्च केली.

पगारातच घातलेली रजा

पेस्लिपवर 'हॉलिडे पे' अशी ओळ दर महिन्याला दिसत असेल, तर मालक रजेचे पैसे पगाराबरोबरच देतो आहे. याला 'रोल्ड-अप' म्हणतात. अनियमित तासवाल्यांना आणि वर्षातला काही भागच काम करणाऱ्यांना असं देणं २०२४ पासून कायदेशीर आहे, ठरलेले तास असलेल्यांना नाही. ६४ तास १३ पौंडानं म्हणजे ८३२ पौंड, त्याचे १२.०७ टक्के म्हणजे १००.४२, आणि हा आकडा वेगळ्या ओळीत दिसलाच पाहिजे. अशा वेळी प्रत्यक्ष सुट्टी घेतली की त्या दिवसांचे पैसे पुन्हा मिळत नाहीत, म्हणून ते बाजूला काढून ठेवायला हवेत. सुट्टी घेण्याचा हक्क मात्र राहतोच.

'आमचा १३ पौंड दर रजेसकट आहे' असं कुणी तोंडी सांगितलं, तर कागद काढा. १३ भागिले १.१२०७ म्हणजे ११.६०. एकवीस आणि त्यावरील वयासाठी १ एप्रिल २०२६ पासूनचं किमान वेतन आहे १२.७१. रजेचे पैसे किमान वेतनात मोजता येत नाहीत. म्हणजे त्या एका वाक्यात दोन चुका कबूल झाल्या: रजेची ओळ वेगळी नाही, आणि दर किमान वेतनाखाली.

मागायची कशी

कॉन्ट्रॅक्टमध्ये दुसरं काही नसेल, तर जितके दिवस रजा हवी त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचं. तीन दिवसवाल्या बाईला भारतात चार आठवडे जायचं असेल, तर तिची रजा १२ दिवसांची, म्हणून २४ दिवस आधी. मालक नाकारू शकतो, पण त्यानं रजेइतके दिवस आधी कळवायला हवं. त्यानं तुम्हाला अमुक दिवशी रजा घ्याच म्हणायचं, तर त्यालाही दुप्पट मुदत लागू. व्यवहारात सांगायचं तर विमानाचं तिकीट मंजुरीचा ईमेल आल्यावर काढा. गणपतीला जायचं म्हणून जूनमध्येच तिकीट काढून ऑगस्टमध्ये रडणारे दरवर्षी दोन तरी भेटतात.

रजा वापरली नाही तर साधारणपणे वर्षअखेरीला जाते, आणि नोकरी चालू असताना किमान रजेच्या बदल्यात पैसे मागता येत नाहीत. आजारपणामुळे किंवा बाळंतपणाच्या रजेमुळे राहिली असेल तर ती पुढे नेता येते, आजारपणात वर्ष संपल्यापासून १८ महिन्यांपर्यंत. मालकानं रजा घेऊ दिली नाही, किंवा घ्या म्हणून सुचवलंही नाही आणि जाईल असं सांगितलं नाही, तरीही ती बुडत नाही. आजारी असताना आणि बाळंतपणात रजा साठत राहते, हेही लक्षात असू द्या.

नोकरी सोडताना साठलेली आणि न घेतलेली रजा पैशात मिळते. तीन दिवसवालीनं अर्धं वर्ष काम केलं, ८.४ दिवस साठले, पाच घेतले, तर ३.४ दिवसांचे पैसे शेवटच्या पगारात. नोटिशीच्या काळात ती घ्यायला लावण्याचा अधिकार मालकाला आहे. तडकाफडकी कामावरून काढलं असलं तरी किमान रजेचे पैसे सुटत नाहीत.

मिळाले नाहीत तर

आधी साधा ईमेल. त्यात तीनच प्रश्न: माझं रजा-वर्ष कोणतं, आजवर किती तास साठले, तासाचा दर कसा काढला. तक्रारीचा सूर नको, हिशेब विचारल्याचा असू द्या. अर्ध्या वेळा एवढ्यानंच काम होतं, कारण पलीकडे बसलेल्या पोरीला पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये काय भरलं आहे हे खरंच माहीत नसतं. सरकारच्या संकेतस्थळावर रजा मोजायचं यंत्र आहे, त्याचं उत्तर जोडलं की वाद निम्मा होतो. रोट्याचे स्क्रीनशॉट आणि पेस्लिप स्वतःजवळ ठेवा. नोकरी सुटली की कंपनीच्या ॲपमध्ये शिरता येत नाही, आणि नेमका पुरावा तिथेच राहिलेला असतो.

उत्तर आलं नाही तर लेखी तक्रार, आणि मग एकॅस. ही सरकारी पैशावर चालणारी पण स्वतंत्र संस्था आहे, सल्ला फुकट आहे. ट्रायब्यूनलकडे, म्हणजे नोकरीचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जायच्या आधी त्यांच्याकडे समेटाची नोंद करावीच लागते, आणि तेवढ्यापुरतं मुदतीचं घड्याळ थांबतं. मुदत मोजताना तीन महिन्यांतून एक दिवस कमी धरा, पैसे मिळायला हवे होते त्या तारखेपासून. ती वाढवण्याचा कायदा झाला असला तरी तीन महिनेच धरून चाला. मागची थकबाकी साधारण दोन वर्षांपर्यंतचीच मागता येते, म्हणून माझ्या बेकरीच्या सकाळी आता गेल्या त्या गेल्या.

भाचीनं तीन प्रश्नांचा ईमेल पाठवला. नवव्या दिवशी मॅनेजरचं दोन ओळींचं उत्तर आलं, आणि शेवटच्या पगारात 'हॉलिडे पे' अशी नवी ओळ. तिनं फोटो पाठवला, खाली नाचणाऱ्या बाहुल्या. मी आकडा बघितला: १,०६६.

"८२ ला १३ नं गुणलंय गं," म्हटलं. "साडेतेरा हवं. १,१०७."

"मावशी, एक्केचाळीस पौंडांसाठी परत लिहू?"

परत लिहिलं. त्याला आज सहा दिवस झाले.